खर्जाची फर्माईश

गेल्या ईदला आपाच्या घरी शीरखुर्मा झाल्यावर माझ्या भाचीने वहीतला एक कागद काढून सगळ्यांसमोर धरला. अकरावीत आहे ती. मैत्रिणीच्या भावाची जुनी बेस गिटार सहा महिन्यांपासून मागून आणून वाजवते. कागदावर तिने तिच्या मनातली बेस गिटार काढली होती, बाण दाखवून एकेका भागाचं वर्णनही लिहिलं होतं. पाच तारा. दोन पिकअप. शिसवीची दांडी. बाराव्या पडद्यावर शिंपल्याचा चांद-तारा.

दुल्हाभाईंनी किंमत विचारली. एक चाचा म्हणाले, मुलीच्या जातीला हे कशाला? दुसरे म्हणाले, मुळात वाजवणंच हराम. मी या तिघांपैकी काहीच बोललो नाही, फक्त हसलो. त्या हसण्याने बाकीच्यांना बळ मिळालं. पोरीने कागदाची घडी घातली आणि ती आत निघून गेली.

वीस वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवतोय. वर्गात एखाद्या मुलाने पहिल्यांदा स्वतःहून दोन ओळी लिहून आणल्या, तर त्यावर हसायचं नसतं, एवढं मला कळतं. घरी मात्र विसरलो. म्हणून या कागदावर लिहिणं मला भाग आहे.

आधी हे वाद्य काय आहे ते सांगतो, कारण आमच्या घरातल्या निम्म्या लोकांना ती साधी गिटारच वाटली होती. साध्या गिटारीच्या सर्वांत जाड तारेला सेकंदाला सुमारे 82 कंपनं होतात. बेसच्या जाड तारेला त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 41. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे, खर्ज. तानपुऱ्याची चौथी तार खर्जाची असते. ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बंद पडली की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. बेस गिटार बँडमध्ये तेच काम करते.

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच, उभ्या डबल बेसकडे होतं. तो वाहून नेणं अवघड, मोठ्या वाद्यवृंदात तो ऐकू येणंही अवघड, आणि त्याला पडदे नसल्याने सूर कानानेच पकडावा लागे. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. तिला पडदे होते, म्हणजे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार. म्हणूनच तिचं नाव प्रिसिजन. तिच्या तारेची मोकळी लांबी 34 इंच होती आणि आजही जगातल्या बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात.

हे 34 इंचाचं माप कुणाच्या हाताचं आहे? माझ्या भाचीच्या हाताचं नक्की नाही. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो सुचवला मिरजेच्या एका सतारमेकर चाचांनी.

ईदनंतरच्या रविवारी मी भाचीला घेऊन मिरजेला गेलो. थोडी माफी मागायची होती, थोडं वाद्यं बनवणारा माणूस तिला दाखवायचा होता. दुकानात भोपळे टांगलेले, एका कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या केलेल्या, आणि चाचा घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवत जवारी काढत होते. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. भाचीने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "बेटा, गिटार आम्ही बनवत नाही. पण तानपुऱ्याची फर्माईश आली की मी तीन गोष्टी विचारतो. कोण वाजवणार? बसून की उभं राहून? आणि सोबत कोण असणार?"

तानपुऱ्याच्या बाबतीत या प्रश्नांवर सगळं ठरतं. बाई गाणार असेल तर पट्टी उंच, मग भोपळा लहान, तारा बारीक. पुरुष गाणार असेल तर भोपळा मोठा, तारा जाड. सारखा प्रवास करणारा असेल तर आणखी वेगळं. गिऱ्हाईक "सगळ्यांत भारी बनवा" म्हणालं तर कारागिराला त्यातून काहीच कळत नाही.

भाची उत्तर द्यायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की कागदावरच्या बऱ्याच गोष्टी तिच्या नव्हत्या. त्या व्हिडिओंमधून आल्या होत्या.

कोण वाजवणार? सोळा वर्षांची, लहान हातांची मुलगी. 34 इंची बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचं अंतर सुमारे 13 सेंटिमीटर भरतं. तेवढं बोटं ताणून अर्धा तास वाजवलं की तिचं मनगट दुखतं. ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. आपल्यातच खोट आहे असं तिला वाटायचं. 30 इंची बेसही असते. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच मापाची. तिच्यावर हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. दीड सेंटिमीटरचा फरक, पण मनगटाला तो कळतो.

मात्र एक माप बदललं की दुसरं हलतं. तीच तार आखूड केली आणि सूर तोच ठेवला, तर ताण कमी होतो आणि तार सैल पडते. पाचवी तार म्हणजे सेकंदाला सुमारे 31 कंपनं. 30 इंचावर ती लोंबकळण्याची भीती जास्त. म्हणजे हाताला सोयीचं माप हवं असेल तर पाचव्या तारेचा हट्ट सोडायला हवा. तिने सोडला. शिवाय तिच्या खोलीतल्या लहानशा स्पीकरमधून तेवढा खोल सूर पूर्ण उमटतही नाही.

बसून की उभं राहून? दोन्ही. मग पट्टा जिथे अडकतो ते वरचं शिंग पुरेसं लांब हवं. ते आखूड राहिलं की दांडी जमिनीकडे झुकते आणि डाव्या हाताचं निम्मं बळ ती सावरण्यात जातं. जड शिसवीपेक्षा हलकं लाकूड आणि हलक्या खुंट्या बऱ्या. विजेच्या गिटारीत लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर जाणकारांत कधी एकमत होत नाही, पण खांद्यावर किती होतो यावर वाद नाही.

सोबत कोण? एक मैत्रीण की-बोर्ड वाजवते, दुसरी गाते. म्हणजे बेसने खाली गोल, भरीव आवाज धरायचा आहे. तारेखालचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तो घोडीजवळ बसवला तर आवाज करकरीत येतो, दांडीकडे सरकवला तर गोल होतो. तिला दोन पिकअप, बॅटरी आणि पाच बटणं नकोत. एक पिकअप, मधल्या जागी, आणि दोन बटणं पुरेत.

चांद-तारा खोडायला तिने पेन्सिल उचलली. चाचा म्हणाले, "हे राहू दे. नक्षी आम्हीसुद्धा करतो."

परत येताना माझ्या मनात आलं की फर्माईश हा शब्द आपण किती हलका करून टाकलाय. रेडिओवर गाणं मागायचं, घरी बिर्याणी मागायची. खरी फर्माईश करायची तर आधी स्वतःला ओळखावं लागतं. माझा हात केवढा, मला कुठे दुखतं, मी कुणाबरोबर उभा आहे, माझा आवाज त्यांच्यात कुठे बसतो. बीएडला आम्ही विद्यार्थ्याच्या गरजा यावर पानंच्या पानं लिहिली. पण गरज काय आहे हे विद्यार्थ्याला स्वतःला सांगता यावं, असा एकही तास मी आजवर घेतलेला नाही. आपल्या मुलांना आपण मिळेल ते घ्यायला शिकवतो. मोठ्या भावाचा गणवेश, चुलतभावाची पुस्तकं, दुसऱ्यांनी निवडलेली शाखा. यात गरिबीचा भाग आहे, मान्य. पण कागद आणि पेन्सिल गरिबालाही परवडते.

यावर कुणी म्हणेल, मोठ्या वादकांना कुठे लागते अशी बनवून घेतलेली बेस? बरोबर आहे. डेट्रॉइटमध्ये मोटाउनच्या असंख्य गाण्यांवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनने बरीचशी कारकीर्द दुकानातल्या साध्या 1962 च्या प्रिसिजनवर काढली, तीही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. तारासुद्धा तो सहसा बदलत नसे. पण त्याला कोणता आवाज हवा हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो तारा बदलत नव्हता. जॅको पास्टोरियसला पडद्यांशिवायचा सूर हवा होता; त्याने आपल्या बेसचे पडदे उपटले, भेगा भरल्या आणि वर इपॉक्सीचा थर दिला. फर्माईश पैशानेच पुरी होते असं नाही.

म्हणून माझं मत असं, की महागडी बेस बनवून घेण्याची घाई करू नये. आधी मिळेल ती साधी बेस वर्षभर वाजवावी, कुठे अडतं ते लिहून ठेवावं आणि त्यातून आपला कागद तयार करावा. पण पोराने तो कागद आणला तर हसू नये.

आता हराम म्हणणाऱ्या चाचांबद्दल. वाद्यसंगीताबद्दल उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत आणि मी काही मुफ्ती नाही. जो मनापासून वाद्यांपासून दूर राहतो त्याचा मी आदर करतो. पण आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या वरातीत डीजेचा बेस खिडक्यांच्या काचा हादरवतो, तेव्हा हा मुद्दा कुणी काढत नाही. तो निघतो एक मुलगी शांतपणे सूर शिकायला बसते तेव्हा. यात मला दीन कमी आणि सवय जास्त दिसते. मुंबईची मोहिनी डे हेच वाद्य वडिलांकडून शिकली आणि ए. आर. रहमान, झाकिर हुसेन यांच्यासोबत वाजवून आली. मुलीच्या जातीला हे कशाला, याचं उत्तर मी आणखी काय देणार?

आणि वाद्य ही परकी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा मिरजेला जाऊन यावं. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे मुसलमान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि तलवारीवर चालणारे हात भोपळ्यावर चालू लागले. आज देशभरातले गवय्ये मिरजेच्या तानपुऱ्यावर गातात. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गावात, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात, उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरनिद्रा घेत आहेत आणि त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी गाणं होतं. आपल्याच हातांनी बनवलेल्या वस्तूला आपणच परकं म्हणायचं, हे मला समजत नाही. त्या दुकानांत पुढच्या पिढीची मुलं बसतील का, ही काळजी चाचांनी बोलून दाखवली. आपण आपल्या पोरांच्या कागदावर हसत राहिलो, तर ती कशाला बसतील?

भाचीने नवा कागद केला आहे. आधीपेक्षा साधा, पण प्रत्येक बाणापुढे कारण लिहिलेला. दुल्हाभाई अजून गप्प आहेत. परवा रात्री मात्र आपाचा फोन आला. ती घरी शिवणकाम करते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, ते तीस इंच कुठून मोजायचे? घोडीपासून की खुंटीपासून? मी टेप घेऊन बसलेय."