सकाळचे धुके

“सकाळी यांना चहाची कपबशी धूसर दिसते आणि दुपारी वर्तमानपत्र मात्र स्वच्छ वाचता येते, हे कसे?” सूनबाईंच्या प्रश्नात काळजीपेक्षा शंका अधिक होती. सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्या खरेच सांगत होत्या.

डोळ्याच्या दर्शनी भागाची पारदर्शक काच म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो आणि पारपटलात झिरपणारे पाणी तो अहोरात्र उपसत असतो. या पेशी नष्ट झाल्या की त्यांच्या जागी सहसा नव्या येत नाहीत. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ एर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली वर्णिलेल्या विकारात हा थर अकाली विरळ होतो. रात्री पापण्या मिटलेल्या असल्याने डोळ्यावरील पाण्याचे बाष्पीभवन होत नाही. पारपटल सुजते आणि सकाळी धुके दिसते. दिवस चढतो तसे ते विरते. तपासणीची वेळ संध्याकाळची घेतली, तर ही सूज ओसरलेली असू शकते! म्हणून शक्य तर सकाळचीच वेळ मागावी.

आरंभी क्षारयुक्त थेंब व मलम सूज उतरवतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने काही पेशी आणखी कमी होतात, तेव्हा त्याआधी पेशींची मोजणी करून घ्यावी, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

दृष्टी फारच मंदावली, तर पूर्वी संपूर्ण जाडीचे पारपटल बदलून टाके घालीत. आता ‘डीमेक’ पद्धतीने केवळ आतला, मिलिमीटरच्या सुमारे शतांश जाडीचा पापुद्रा बदलतात. हवेचा किंवा वायूचा बुडबुडा तो जागी धरून ठेवतो. त्यासाठी रुग्णाला डॉक्टर सांगतील तितका काळ उताणे निजावे लागते. घरच्यांची खरी कसोटी इथेच. पाठदुखी असलेल्या वृद्धाला ही सवय आधीपासून करवावी. पुढे केव्हाही डोळा लाल झाला, दुखू लागला वा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा पापुद्रा नेत्रदानातून मिळतो. “आमचे म्हाताऱ्यांचे डोळे कोणाला हवेत?” असे सासूबाईंनी जाता जाता विचारले. तरुण दात्याचा पापुद्रा घट्ट गुंडाळला जातो, तो उलगडणे अवघड. वयस्कर दात्याचा सहज उलगडतो. या शस्त्रक्रियेसाठी शल्यविशारद तोच पसंत करतात.