दुसरा प्लग कोण बदलणार?

पल्सरवाल्या एखाद्या दोस्ताला सहज विचारून बघा, ‘तुझ्या गाडीला स्पार्क प्लग किती?’ छातीठोकपणे ‘एक’ सांगणारे कमी निघणार नाहीत. पण ज्या गाडीवर ‘डीटीएस-आय’ लिहिलेलं असतं, तिला प्लग दोन. त्यातल्या ‘टी’चा अर्थच ट्विन, म्हणजे जोडी. बजाजनं हे तंत्र २००३ मध्ये पल्सरमध्ये आणलं. २०१२ मध्ये आलेल्या पल्सर २०० एनएसला तर तीन प्लग आहेत.

यातला एक प्लग समोर दिसतो, पाना लगेच बसतो. दुसरा टायमिंग चेनच्या बाजूला, खोल नळीत असतो. तिथं बोट जात नाही, उजेड जात नाही आणि साधा पानाही पुरत नाही. मग गॅरेजात पाच गाड्या उभ्या असल्या की घाईत सोपा प्लग बदलला जातो आणि अवघड तसाच राहतो. गिऱ्हाईकानं विचारलेलं नसतं, कारण दुसरा प्लग आहे हेच त्याला माहीत नसतं.

आणि खरी गोची पुढंच आहे. एक प्लग मेला तरी दुसऱ्याच्या जोरावर गाडी चालते. बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. इथं फक्त पिकअप कमी होतो, गाडी अधूनमधून झटके खाते, मायलेज घसरतं. ‘भाऊ, गाडी मिसिंग करायली’ म्हणत आपण कधी पेट्रोलला नावं ठेवतो, कधी रस्त्याला. सगरोळी-कुंडलवाडीकडून बिलोलीला आणि तिथून नरसीमार्गे नांदेडला ये-जा करणाऱ्या पोराला हा फटका रोज पेट्रोलच्या पैशात बसतो. शेवटची एसटी गेल्यावर येसगीच्या पुलाजवळ गाडी अडली, तर पैशापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

म्हणून माझं मत सरळ आहे : ज्याला गाडी चालवता येते, त्याला आणि तिला, आपल्या गाडीचे सगळे प्लग घरी काढून लावता आले पाहिजेत. राजदूत, येझदीच्या जमान्यात टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग तेलानं सारखा काळा व्हायचा. तेव्हा लोक जास्तीचा प्लग आणि पाना सोबतच ठेवायचे, रस्त्याच्या कडेला प्लग घासून पुढं निघायचे. आपल्या गाड्या सुधारल्या, पण आपले हात मागं पडले.

काम अवघड जागेचं आहे, अवघड डोक्याचं नाही. इंजिन पूर्ण थंड असावं, चावी बंद. नळीतली धूळ आधी हवा मारून किंवा ब्रशनं साफ करायची. वाळूच्या गाड्या धावतात त्या रस्त्यावरची धूळ प्लग काढल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडली, तर इंजिनाचंच नुकसान. प्लगची कॅप सरळ ओढायची, वायर धरून नाही. मग टूलकिटमधला लांब प्लगपाना. तो हरवला असेल तर आपल्या मॉडेलचाच मागून घ्या.

खरी कसोटी नवा प्लग बसवताना. प्लगच्या वरच्या टोकावर जुन्या पेट्रोल पाइपचा तुकडा बसवा आणि त्यानं प्लग नळीत सोडून हलक्या हातानं फिरवा. आटे वाकडे धरले तर रबर हातात घसरतं, प्लग पुढं जात नाही, म्हणजे इंजिन वाचतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग पोलादाचा. पहिल्याच फेऱ्याला पाना लावून जोर केला, तर हेडचे आटे जातात आणि शे-दीडशेच्या प्लगपायी हजारोंचा खर्च बसतो. गास्केट टेकलं की पान्यानं पाव ते अर्धा फेरा, डब्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच. प्लगचा नंबर आणि गॅप गाडीच्या पुस्तकात असतो, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

काढलेला प्लग लगेच फेकू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर बघा. तेलकट असेल तर इंजिनात ऑइल जळतंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन जास्त तापतंय. डॉक्टर जीभ बघतात तसं हे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘मग फिटरनं काय करायचं? त्याच्या पोटावर पाय कशाला?’ फिटरचं पोट प्लगवर चालत नाही. क्लच, व्हॉल्व्ह, चेन, बोअर ही कामं त्याचीच आहेत आणि त्याचीच राहतील. प्लग अडकून बसला, जोर लावूनही हलेना, तर तिथंच थांबून गाडी त्याच्याकडे न्यायची. पण आपल्याला काम समजत असेल, तर चांगल्या फिटरची कदर करता येते आणि कामचुकाराला प्रश्न विचारता येतो.

मागण्या कंपन्यांकडेही आहेत. बजाजचा कारखाना आपल्याच मराठवाड्यात वाळूजला आहे. बिलोली-देगलूरच्या पोरांना दुसऱ्या प्लगची जागा दाखवणारं मराठी पुस्तक आणि टिकाऊ लांब पाना गाडीसोबत मिळायला काय हरकत आहे? २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल यांच्यासोबत वाहनंही आहेत. पण दुरुस्तीचा हक्क नुसता पोर्टलवर असून चालत नाही, पाना धरणारा हातही लागतो.

तो हात कॉलेजं तयार करू शकतात. एनएसएसच्या शिबिरात आपण खड्डे खणतो, झाडं लावतो. त्यातली एक दुपार गावातल्या एखाद्या फिटरला मानधन देऊन बोलवा आणि जुन्या इंजिनावर सगळ्यांना प्लग काढायला लावा. मुलींनाही. स्कूटीचा प्लगही झाकणाआड लपलेला असतो आणि गाडी बंद पडताना चालवणारा कोण आहे हे बघत नाही.

तोवर एवढं तरी करा. पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजात उभं राहून सांगा, ‘दादा, प्लग बदलले की जुने मला परत द्या.’ आणि हातात किती येतात ते मोजा.