प्रत घेतली, परत मिळेल का?

३१ मार्च हा आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस. २०११ पासून तोच ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो. संगणकावरील हिशेबांचा बॅकअप अनेक व्यापारी नियमाने घेतात. परंतु तो उघडून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. एफएटी ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. जागा शिल्लक असूनही काम अर्धवट थांबते. रोज त्याच जागी, त्याच नावाने प्रत घेतल्यास कालची शाबूत प्रत आजच्या सदोष प्रतीमुळे पुसली जाते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात तर संगणकाला जोडून ठेवलेल्या ड्राइव्हवरील फायलीही कुलूपबंद झाल्या.

ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने कंपन्यांना हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक केले. नियमामुळे प्रत निघेल. खात्री मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे. रोकड मोजल्याविना तिजोरी बंद होत नाही, तीच शिस्त येथेही हवी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर पुनर्स्थापित करून तेरीज मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. जुळली, तरच तिला बॅकअप म्हणावे. अन्यथा कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी पत आणि पुरावा दोन्ही हातचे जातात.