‘किमया’चे स्थान कोणते?

माधव आचवल (१९२६–१९८०) यांच्या लेखनाचा विचार मराठीत दोन कप्प्यांत केला जातो. १९६१ साली प्रसिद्ध झालेले ‘किमया’ हे पुस्तक ललित गद्यात जमा होते, तर ‘जास्वंद’ आस्वादक समीक्षेच्या खाती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकला शिकविणाऱ्या या समीक्षकाची दृष्टी मात्र एकच होती. ही फाळणी अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘किमया’ला वास्तूची केवळ काव्यात्म वर्णने मानणे अपुरे ठरते. वास्तू म्हणजे भिंती नव्हेत, भिंतींनी आकारलेला अवकाश होय; आणि तो एका दृष्टिक्षेपात नव्हे, तर त्यात वावरताना, बदलत्या प्रकाशात, क्रमाक्रमाने उलगडतो, ही त्यामागील भूमिका आहे. साहित्यकृतीचे वाचनही असेच कालाच्या ओघात घडते. म्हणजे ‘किमया’त आस्वादाची एक उपपत्तीच अनुस्यूत आहे.

तथापि या उपपत्तीची एक मर्यादाही नोंदवावयास हवी. अनुभव घेणारा तेथे बहुधा एकटा, निवांत रसिक असतो. जमीन कोणाची होती, हा प्रश्न तेथे गौण राहतो. नागपूरच्या मिहानमध्ये तो टाळता येत नाही. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव या गावांची शेते ज्या प्रकल्पासाठी घेतली गेली, तेथे आज ‘एम्स’ व भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या प्रशस्त वास्तू उभ्या आहेत; २०२२ साली दोहोंचे लोकार्पण झाले. त्यांतील प्रकाश व प्रमाणबद्धता टिपण्यास आचवलांची दृष्टी उपयोगी पडेल. परंतु कवेलूंची उतरती छपरे, ओसरी, आवार यांनी घडविलेला जो अवकाश विस्थापनात मोडला, त्याची मांडणी करण्यासाठी तिला समाजविचाराची जोड द्यावी लागेल. तो अवकाश मोडला की त्याची शब्दकळाही बोलीतून ओसरू लागते. म्हणून हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांचाही आहे.

केवळ मोबदल्याच्या हिशेबाने ही हानी मोजता येत नाही. केवळ सौंदर्यदृष्टीने ती दिसतही नाही. म्हणून ‘किमया’ पदव्युत्तर अभ्यासक्रमात समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत ठेवावे आणि विद्यार्थ्यांनी तिच्या आधारे आपल्या परिसरातील वास्तूंवर मराठीत लिहावे. ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला. त्याचा वापर अद्याप व्हावयाचा आहे.