नेट गेलं म्हणून फॉरमॅट मारू नका

आज थोडं वादाचं बोलणार आहे. माझ्याच लाइनमधल्या काही मित्रांना ते आवडणार नाही, पण दुकानदाराच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे.

लातूर असो की नांदेड, गोष्ट एकसारखीच घडते. कॉम्प्युटरवर जाहिराती उडायला लागतात, ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदलतं. मग कुणीतरी अँटीव्हायरस चालवतो, स्पायवेअर निघतं, सगळे खुश. आणि तेवढ्यात लक्षात येतं की इंटरनेटच बंद पडलंय! वायफायचं चिन्ह दिसतंय, मोबाईलवर त्याच राऊटरचं नेट चालतंय, पण कॉम्प्युटरवर एक पान उघडत नाही. त्यानंतरचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. "शेठ, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागंल."

माझं मत असं आहे की या वेळी फॉरमॅट हा शेवटचा उपाय पाहिजे, आणि आपल्याकडं तो पहिला झालाय. त्यात नुकसान दुकानदाराचं होतं.

नुकसान किती, ते हिशोबानंच बघा. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा सेवा केंद्राला एका अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. खरिपाची मुदत साधारण ३१ जुलैला संपायची आणि शेवटच्या आठवड्यात केंद्रापुढं रांग लागायची. समजा दिवसाला ८० अर्ज होतात. एक दिवस मशीन बंद म्हणजे ३,२०० रुपये गेले, आणि रांगेतला माणूस शेजारच्या केंद्रात गेला तो वेगळाच. फॉरमॅटचे पाचशे रुपये त्यात मोजलेच नाहीत. वर प्रिंटरचा ड्रायव्हर, बायोमेट्रिकचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, मराठी फॉन्ट, टॅली, हे सगळं परत टाकायला अजून अर्धा दिवस. आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवरच असेल, बॅकअप नसेल, तर मग विषयच संपला. उदगीरकडच्या एका कृषी सेवा केंद्राच्या काकांची दोन वर्षांची उधारी अशीच गेली. कुणाकडं किती बाकी हे शेवटी गिऱ्हाइकालाच विचारायची वेळ आली. किती जणांनी खरं सांगितलं असेल, तुम्हीच ठरवा.

आता नेट जातं का, ते समजून घ्या. कारण कळलं की भीती कमी होते.

स्पायवेअर म्हणजे मध्ये बसलेला माणूस. मोंढ्यात शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मध्ये आडत्या असतो तसा. फरक एवढाच की आडत्या निदान पट्टी देतो! तुम्ही कुठली पानं बघता, काय टाइप करता हे बघायला पुष्कळ स्पायवेअर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसतं. त्यासाठी ते विंडोजमधल्या काही सेटिंग बदलून ठेवतं. अँटीव्हायरस स्पायवेअरची फाइल उचलून फेकतो, पण त्यानं बदललेल्या सेटिंग पुष्कळदा तशाच राहतात. म्हणजे मधला माणूस गेला, पण माल अजून त्याच्याच गाळ्यावर पाठवला जातोय, आणि गाळ्याला कुलूप.

सगळ्यात जास्त दिसतो तो प्रॉक्सीचा प्रकार. ब्राउझरला सांगितलेलं असतं की बाहेर जायच्या आधी १२७.०.०.१ या पत्त्यावर जा. हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. तिथं स्पायवेअर कान लावून बसलेलं होतं. आता ते नाही, म्हणून ब्राउझर रिकाम्या जागी जाऊन परत येतो आणि "प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही" असा मेसेज देतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये जा, प्रॉक्सी उघडा, हाताने टाकलेली प्रॉक्सी बंद करा. झालं काम. यासाठी लोकांनी फॉरमॅट मारलेलं मी बघितलंय.

पण ही प्रॉक्सी बंद केल्यावर थोड्या वेळानं आपोआप परत चालू झाली, तर समजा की स्पायवेअर गेलेलं नाही, कुठंतरी दडून बसलंय. ही खूण लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार डीएनएसचा. आपण नाव टाइप करतो, डीएनएस त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो. स्पायवेअर इथं स्वतःचा सर्व्हर घालून ठेवतं. याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे डीएनएस चेंजर. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ही टोळी उघड केली आणि एस्टोनियाचे सहा जण पकडले गेले. शंभरहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्यांच्या डीएनएसवर चालत होते, त्यात भारतातलेही होते. आता गंमत बघा. चोरांचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर या सगळ्या लोकांचं नेट एका झटक्यात गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्या जागी चांगले सर्व्हर लावले आणि लोकांना आपापली मशीन दुरुस्त करायला वेळ दिला. आधी मुदत मार्च २०१२ ची होती, ती वाढवून ९ जुलै केली. त्या दिवशी ते बंद झाले आणि तोपर्यंत ज्यांनी सेटिंग सुधारली नव्हती त्यांच्यातल्या काहींचं नेट गेलं. तुमच्या दुकानात जे होतं तेच, फक्त जगाच्या आकाराचं. तेव्हाही लोकांना मशीन साफ करा आणि डीएनएस सुधारा असं सांगितलं.

तिसरा प्रकार विनसॉकचा, जुना आणि सगळ्यात त्रासदायक. विंडोजमध्ये प्रोग्रॅम आणि नेटवर्क यांच्या मध्ये एक साखळी असते. स्पायवेअर त्यात स्वतःची कडी अडकवतं. फाइल डिलीट केली की कडी तुटते आणि साखळी तिथंच लोंबकळते. विंडोज एक्सपीच्या काळात सायबर कॅफेवाले यानं हैराण असायचे. २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक दोन आला, त्यात मायक्रोसॉफ्टनं ही साखळी मुळापासून परत बसवायची एक ओळीची कमांड दिली. नेटश विनसॉक रीसेट. ती आजही विंडोज १० आणि ११ मध्ये चालते. वीस वर्षं झाली या औषधाला, तरी आपल्याकडं ऑपरेशनच करतात.

मग नेमकं काय झालंय हे ओळखायचं कसं? पिंग करून. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी ८.८.८.८ ला पिंग करा, मग गुगलच्या नावानं करा. आकड्याला उत्तर आलं, नावाला नाही, तर गडबड डीएनएसची. दोन्हीला उत्तर आलं आणि ब्राउझर चालत नाही, तर आधी प्रॉक्सी बघा. कशालाच उत्तर नाही, तर केबल, राऊटर, ड्रायव्हर तपासा आणि मग विनसॉक रीसेट करून मशीन रीस्टार्ट करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला विसरू नका, नाहीतर परवानगी नाही असं येईल आणि तुम्ही म्हणाल सर खोटं बोलले. काही ठरावीक साइटच उघडत नसतील, खास करून अँटीव्हायरस कंपन्यांच्या, तर होस्ट्स फाइल बघा. तिथं कुणीतरी त्या साइटना चुकीचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. आणि मोबाईलवरसुद्धा भलतीच पानं उघडत असतील तर दोष राऊटरमध्ये आहे. राऊटर रीसेट करा, आणि त्याचा पासवर्ड अजून ॲडमिन असेल तर आजच बदला. (तो ॲडमिनच असतो. मला माहितीये.)

एक सावधगिरी मात्र घ्या. आयपी रीसेटची कमांड किंवा सेटिंगमधलं नेटवर्क रीसेट वापरण्याआधी सध्याचा आयपी पत्ता कागदावर लिहून ठेवा किंवा मोबाईलनं फोटो काढा. ज्यांच्या दुकानात दोन-तीन मशीनवर टॅली चालतं, नेटवर्कचा प्रिंटर आहे, तिथं आयपी हातानं दिलेला असतो. तो पुसला की नेट येईल, पण टॅली आणि प्रिंटर जाईल. व्हीपीएन असेल तर तेही परत टाकावं लागू शकतं. आणि कॉलेजच्या किंवा बँकेच्या नेटवर्कवर प्रॉक्सी मुद्दाम दिलेली असते, तिथं विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता टेक्निशियनच्या बाजूचंही बोलतो, कारण दोष एकट्या त्याचा नाही. त्यानं तीन मिनिटांत प्रॉक्सी बंद करून नेट चालू केलं आणि दोनशे रुपये मागितले, तर तुम्हीच म्हणता, "एक बटण तर दाबलं, त्याचे दोनशे?" तोच माणूस मशीन दुकानात घेऊन गेला, संध्याकाळी फॉरमॅट करून आणलं, तर पाचशे निमूट देता. म्हणजे निदानाला पैसे नाहीत आणि मोडतोडीला आहेत. मग पोरगं निदान शिकेल कशाला? पुण्याच्या क्विक हीलचं उदाहरण घ्या. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुकानात व्हायरस लागलेली मशीन यायची, ती साफ करायला भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. सगळेच काटकर होणार नाहीत, मान्य. पण दुरुस्तीच्या धंद्यात मोठा पैसा रोग ओळखण्यात आहे, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलंय. म्हणून माझ्या दुकानात तपासणीची फी वेगळी लावली आहे. काही गिऱ्हाईक भांडतात. भांडू द्या.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. मशीनवर कुणीतरी बाहेरून ताबा घेत होतं, पासवर्ड चोरणारं काही सापडलं, किंवा प्रॉक्सी पुन्हा पुन्हा चालू होतेय, तर डेटाचा बॅकअप घेऊन फॉरमॅट करणंच बरोबर. नेट परत आलं म्हणजे कॉम्प्युटर साफ झाला, असं अजिबात नाही. उलट स्पायवेअरचा संशय असताना नेट बंद आहे हे चांगलंच आहे, चोराचाही रस्ता बंद. तेवढ्यात टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि बँकेचा, जीएसटीचा, ईमेलचा पासवर्ड मोबाईलवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, नवा पासवर्डही चोरालाच द्याल. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मशीन नंतर. साफसफाईची मोफत टूल केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतात, २०१७ पासून सुरू आहे ते. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर परत टाकणार असाल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही, पुढच्या महिन्यात परत भेटू.

कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिलंय, चौथ्या मिनिटापासून. तो भाग आजच मोबाईलमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा कॉम्प्युटरवर तो उघडणार नाही.