शिडीवरून पडणे म्हणजे नशीब नव्हे

शेतकरी भावांनो, शिडी म्हणा की निसण, तिच्यावरून माणूस पडला की गाव म्हणतो, "त्याचं नशीब." आम्हाला हे मान्य नाही. काथ्या कुजलेला, पायरी हललेली, बूड ओल्या शेणावर. यात नशीब कुठे आले?

कडब्याच्या गंजीला टेकलेली शिडी सर्वांत वाईट. पेंढ्या दबल्या की ती कलंडते. पत्र्याच्या कडेवर ती आडवी सरकते. उपाय फुकटाचा आहे. टेकू बारा फुटांवर असेल तर बूड तीन फूट बाहेर घ्या, टोक टेकूच्या वर तीन फूट राहू द्या आणि दोराने बांधा. खाली धरायला माणूस ठेवा. विजेची तार जवळ असेल तर शिडी लावूच नका. ओल्या बांबूतूनही वीज उतरते.

आणि चढतो कोण? सालदार. शिडी मालकाची, जीव त्याचा! २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात अनुदान योजनेत उंचावरून पडणे धरले आहे. मृत्यूला २ लाख, एक हात, पाय वा डोळा गेला तर १ लाख. पण ते सातबारावाल्याच्या घरासाठी. भूमिहीन सालदार पडला तर त्याच्या बायकोने कुठे जायचे?

भूमिहीन मजुराला या योजनेत घ्या, ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. कापसाचा भाव मागायला रस्त्यावर उतरणाऱ्यांनी आधी घरची शिडी तपासून यावे. कुजक्या शिडीवर चढायला सालदाराने नकार दिला, तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू.