हसावे कोणाला?



गेल्या महिन्यात राजोडीला ताईकडे गेलो होतो. भाची मुंबईच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. रोज रिक्षाने नालासोपारा स्टेशन गाठायचे आणि तिथून उभ्यानेच चर्चगेटची लोकल. शेवटच्या वर्षी तिला स्वतःचे एक मोठे काम करून दाखवायचे आहे. तिने राजकीय व्यंगचित्रांचे पुस्तक करायला घेतले आणि घरात कुरबुर सुरू झाली. दाजी म्हणाले, "अहो, जाहिरातीचे काम शिकली तर नोकरी लागेल. पुढाऱ्यांची चित्रे काढली आणि उद्या दारात पोलीस आले तर?" ताई मात्र गप्प होती.

भाचीने कच्ची प्रत माझ्यापुढे ठेवली. ३२ पाने. मी पडलो कारकून, म्हणून आधी हिशेब विचारला, "बत्तीसच का गं?" ती म्हणाली, "मामा, मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पाने होतात. छापखान्यात त्याला फॉर्म म्हणतात. दोन फॉर्मची ३२ पाने. एक पान वाढले तरी कागद वाया जातो." पोरीला काटकसर कळते हे पाहून बरे वाटले.

गोष्ट साधी आहे. निवडणूक आली की वस्तीत नळाचे उद्घाटन होते. नारळ फुटतो, फोटो निघतो, पाणी काही येत नाही. पुढची निवडणूक आली की त्याच नळाचे पुन्हा उद्घाटन! मी पाने उलटत हसत होतो. नवव्या पानावर हंड्यांच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरून भांडत होत्या. तिथे मी सर्वांत मोठ्याने हसलो.

तेव्हा ताई बोलली. "पहाटे चार वाजता त्या रांगेत मीच उभी असते. लोक मला हसणार, आणि नारळ फोडणारा सुटणार?"

भाचीचा चेहरा उतरला. माझाही उतरला, कारण हसलो मीच होतो.

बंधू-भगिनींनो, ताईचा हा प्रश्न जुना आहे. १९४९ साली शंकर यांनी एक व्यंगचित्र काढले. संविधान नावाच्या गोगलगाईवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे पंडित नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत. हे चित्र २००६ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि २०१२ साली त्यावरून संसदेत वादळ उठले. पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुण्यात पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या दिवसांत एका निदर्शनात मीही घोषणा दिल्या. खरे सांगतो, पुस्तकाचे ते पान मी पाहिलेले नव्हते. नंतर पाहिले. संविधानाला एवढा वेळ का लागला असेल, असा प्रश्न चित्राखाली मुलांना विचारला होता. त्याचे उत्तर आपल्याच घरातल्या मुलांना देता यायला हवे होते. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. एवढे ओझे पाठीवर असताना गाडा कसा पळेल? न पाहता रागावलो, ही माझी चूक. मोडतोड ही तर त्याहून मोठी चूक.

पण आपले दुःख खोटे होते असेही नाही. जेएनयूमध्ये संशोधन केलेले उन्नमती श्याम सुंदर स्वतः व्यंगचित्रे काढतात. त्यांनी त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतील बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधली आणि २०१९ मध्ये त्यांचे पुस्तक केले. एवढा मोठा विद्वान, पण कितीतरी चित्रांत त्यांना इतर पुढाऱ्यांपुढे ठेंगणे काढलेले आहे. त्यांनी घोषणा न देता पुरावा गोळा केला आणि एकेका चित्रामागची दृष्टी उघडी केली. या कामाला वेळ लागतो, पण ते टिकते.

दुसरीकडे आपलीही विनोदाची परंपरा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. त्यात धोंडिबा आणि जोतीराव बोलत बसतात. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण जन्मला या कथेला जोतीराव अगदी घरगुती प्रश्न विचारतात आणि मोठ्या पोथीचा फुगा फुटतो. त्या हसण्यात गरिबाचा अपमान नाही. २०११ साली श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी याच पुस्तकावरून 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे काळ्या-पांढऱ्या चित्रांचे पुस्तक केले. म्हणजे १३८ वर्षांनीही त्या प्रश्नांची धार गेलेली नव्हती.

राहिली दाजींची भीती. ती पोकळ नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रांवरून असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. पण २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीका हा राजद्रोह होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, त्याच्या मर्यादाही तिथेच लिहिल्या आहेत. दाजींना मी एवढेच म्हणालो, "पोरीला अडवू नका. तिला ते कलम वाचायला लावा. आणि चित्रात जी गोष्ट येईल ती खरी आहे की नाही, हे आधी तपासायला सांगा."

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. नववे पान नवीन झाले होते. रांग तीच, हंडे तेच. पण आता बायका शांत उभ्या आहेत आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला लागले आहेत. पुढारी कोरड्या नळाला हार घालतो आहे आणि एक बाई त्याच्यापुढे रिकामा हंडा धरून म्हणते, "साहेब, हारातली फुले तरी यात टाका, काहीतरी भरले असे होईल."

ताई चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग हसली. दाजी अजून पूर्ण राजी नाहीत, पण झेरॉक्सचे पैसे त्यांनीच दिले.

आपल्याही घरात चित्रे काढणारे एखादे पोर असेल. त्याला वही-शाई घेऊन द्या. त्याचे चित्र आधी घरातल्या कष्टकरी बाईला दाखवा. ती हसली, तरच पुढे छापायला द्या.

जयभीम!